ज्योतीची साक्ष : जरीचा धागा आणि धातूंचे रंग

सुरत शहराचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात दोन गोष्टी उभ्या राहतात. एक इतिहासातली, १६६४ आणि १६७० सालच्या स्वाऱ्यांची. दुसरी घरातली, कपाटाच्या तळाशी जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवलेल्या शालूच्या पदराची. पहिलीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरीविषयी, म्हणजे त्या पदरात चकाकणाऱ्या जरीच्या धाग्याविषयी, व्यापारी कुटुंबांतही फारसा विचार होत नाही. येवल्याचा विणकर पैठणीसाठी रेशीम दक्षिणेकडून आणतो, परंतु जर मात्र सुरतेचीच घेतो. देशातील जरीच्या धंद्याचे सुरत हे सर्वांत मोठे केंद्र आहे. तेव्हा त्या धाग्यात आहे तरी काय, हा प्रश्न सुरतेच्या पेढीवर जितका महत्त्वाचा, तितकाच तो मराठी घरातील लग्नकार्यातही महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर डोळा देऊ शकत नाही. चांदीची जर चकाकते, तांब्याची चकाकते आणि प्लॅस्टिकचीही चकाकते. नव्या साडीचा काठ पाहून तिन्हींतील भेद सांगणारी नजर फार थोड्यांपाशी असते. म्हणून पारख करणाऱ्याने नेहमीच अन्य साक्षीदार शोधले. कसोटीचा दगड हा एक, तराजू हा दुसरा आणि अग्नी हा तिसरा. यांपैकी अग्नीची साक्ष मोठी रंजक आहे, कारण तो रंगांच्या भाषेत बोलतो. ती भाषा कशी वाचावी, आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे सभासदांपुढे मांडावे असा आमचा हेतू आहे.

धाग्याची घडण

प्रथम जर म्हणजे काय ते पाहू. अस्सल जरीसाठी चांदीची कांब घेतात आणि ती एकाहून एक लहान भोकांतून ओढून तिची तार करतात. केसासारखी बारीक झालेली ती तार रुळांमध्ये दाबून चपटी केली जाते. ही चपटी पट्टी रेशमाच्या धाग्याभोवती इतकी दाट गुंडाळतात की आतला धागा दिसेनासा होतो. वर सोन्याचा मुलामा चढतो. पूर्वी चांदीच्या कांबीवरच सोन्याचा पत्रा चढवून मग ती ओढीत असत, आणि सोने चांदीबरोबर ताणले जाऊन शेवटपर्यंत तिला धरून राही. आता मुलामा विजेच्या साहाय्याने चढवितात.

दुसऱ्या प्रकारच्या जरीत घडण हीच, परंतु गाभ्याची तार तांब्याची. तिच्यावर चांदीचा पातळ थर आणि त्यावर सोनेरी झळाळी. तिसऱ्या प्रकारात धातूची तार मुळीच नाही. पॉलिएस्टरच्या तलम पापुद्र्यावर धातूचा नाममात्र लेप देऊन त्याच्या बारीक पट्ट्या कापलेल्या असतात. या तिन्ही वस्तू सुरतेत उघडपणे तयार होतात आणि तिन्हींना गिऱ्हाईक आहे. रोजच्या वापराच्या साडीला चांदीची जर परवडणारही नाही. स्वस्त जर निर्माण करण्यात कोणताही दोष नाही. दोष उत्पन्न होतो तो एकीचे नाव दुसरीला लागते तेव्हा.

आणि त्याचा फटका बहुधा फार उशिरा बसतो. साडी घेताना कळत नाही. तीस-चाळीस वर्षांनी, पदर विरल्यावर, घरातील बाई ती जुनी जर मोडीत देण्यासाठी बाहेर काढते. चांदीची असेल तर साडी जाळून, राख धुऊन आणि वितळवून चांदी मिळते व तिचे पैसे हातात पडतात. तांब्याची निघाली तर ज्या ठेव्याच्या भरवशावर अडीअडचणीचा विचार केलेला असतो, तो ठेवा नव्हताच असे त्या क्षणी उमगते. विकणारे दुकान तोवर कदाचित राहिलेलेही नसते. म्हणून परीक्षा घ्यावयाची ती विकत घेतानाच घेतली पाहिजे.

स्वयंपाकघरातील प्रयोग

ज्योतीत धातू रंग उधळतात याचा अनुभव प्रत्येक गृहिणीला आहे. गॅसच्या शेगडीवर भाताचे किंवा आमटीचे मीठ घातलेले पाणी उतू गेले की निळी ज्योत एकदम पिवळीजर्द होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियम या धातूचा. मीठ मुंबईच्या मिठागराचे असो की कच्छच्या रणातले, रंगात तिळमात्र फरक पडत नाही.

शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत हीच गोष्ट अधिक काळजीपूर्वक करतात. प्लॅटिनमची अथवा नायक्रोमची तार हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरतात, आणि ती रंग देईनाशी होईपर्यंत असे पुनःपुन्हा करून तिला निर्मळ करतात. मग तिच्या टोकावर तपासावयाच्या क्षाराचा कण घेऊन ती ज्योतीच्या कडेला नेतात. सोडियम पिवळा रंग देतो, पोटॅशियम फिकट जांभळा, कॅल्शियम विटकरी, स्ट्रॉन्शियम गडद लाल, लिथियम किरमिजी, बेरियम पोपटी आणि तांबे हिरवा किंवा निळसर हिरवा. दिवाळीतील शोभेच्या दारूची लाली स्ट्रॉन्शियमची असते. तिच्यातला हिरवा रंग बेरियमचा. बेरियमच्या क्षारांचा फटाक्यांत वापर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली. द्राक्षबागाईतदार ज्याला मोरचूद म्हणतात, त्या निळ्या खड्यांचा कणही ज्योतीत हिरवा उजेड पाडतो, कारण मोरचूद हा तांब्याचाच क्षार आहे.

असे का होते, हे थोडक्यात सांगता येते. क्षारात धातूचे अणू विद्युत्भार घेऊन वावरत असतात. त्यांना आयन म्हणतात. ज्योतीच्या उष्णतेने क्षाराची वाफ होते आणि धातूचे अणू मोकळे होतात. अणूतील इलेक्ट्रॉन ठराविक पायऱ्यांवरच राहू शकतात. उष्णतेचा धक्का बसला की इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि क्षणार्धात खाली उतरतो. उतरताना पायऱ्यांमधील अंतराइतकी शक्ती तो प्रकाशाच्या रूपाने टाकून देतो. प्रत्येक धातूचा जिना निराळा, म्हणून प्रत्येकाचा रंग निराळा. पायऱ्यांची ही कल्पना डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी १९१३ साली मांडली. कधी कधी हा रंग एकट्या अणूचा नसून ज्योतीत तयार होणाऱ्या संयुगांचाही असतो. तांब्याची हिरवाई मुख्यत्वे अशीच उपजते. म्हणूनच तांब्याची तार आम्लाने ओली केली म्हणजे तिचा रंग अधिक खुलतो.

रंगांच्या भाषेचा इतिहास

ही ओळख आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकाच्या सुमाराच्या 'रसार्णव' या रसविद्येच्या संस्कृत ग्रंथात कोणत्या धातूची ज्वाला कोणत्या रंगाची असते याची नोंद आढळते. तांब्याची निळी, कथिलाची पारव्याच्या रंगाची, शिशाची फिकी, लोखंडाची पिंगट असा भेद ग्रंथकाराने टिपलेला आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला आणि या नोंदीकडे विद्वानांचे लक्ष गेले. भट्टीपाशी बसून रंग न्याहाळणारे कोणी तरी आठ-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या देशात होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

युरोपात बर्लिनच्या मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७५८ च्या सुमारास दिसायला सारख्या अशा दोन खारांतील भेद ज्योतीवरून दाखविला. एकाची ज्योत पिवळी, दुसऱ्याची जांभळी. परंतु त्या काळच्या दिव्यांच्या ज्योतीला स्वतःचाच पिवळेपणा असल्यामुळे बारीक भेद त्यात बुडून जात. ही अडचण हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांनी दूर केली. १८५५ साली तेथे तयार झालेल्या त्यांच्या दिव्याची ज्योत जवळजवळ रंगहीन होती. शुभ्र कागदावर जसा शाईचा ठिपका उठून दिसतो, तसा त्या ज्योतीवर धातूचा रंग उठून दिसू लागला.

तरीही एक पेच राहिला. दोन धातू एकत्र आले तर रंग मिसळतात आणि डोळा फसतो. गुस्टाव किर्खहोफ यांनी सुचविले की ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहावा. लोलकातून पाहताच प्रत्येक धातूच्या ठराविक रेघा वेगवेगळ्या होऊन दिसू लागल्या. या रेघा कधी जागा बदलीत नाहीत. या उपकरणाची सूक्ष्मता एवढी की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतके सोडियमही त्यातून सुटत नाही, असे त्या दोघांनी दाखविले. १८६० साली एका झऱ्याचे सुमारे ४० टन खनिजजल आटवून त्यांनी दोन अनोळखी निळ्या रेघांचा धनी शोधला, तो सीझियम. पुढच्याच वर्षी गडद लाल रेघांचा रुबिडियम सापडला.

१८६३ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे राइख आणि रिख्टर यांना नीळ रंगाची एक नवी रेघ आढळली. राइख यांना रंग ओळखता येत नसत. म्हणून रंग पाहण्याचे काम त्यांनी रिख्टर यांच्याकडे सोपविले होते. नव्या धातूला त्यांनी निळीवरून इंडियम असे नाव दिले. निळीचे युरोपीय नाव तर हिंदुस्थानावरूनच पडलेले आहे, आणि सतराव्या शतकात ती नीळ युरोपला जाई ती प्रामुख्याने सुरतेच्या बंदरातून. आपल्या व्यापाराचा असा एक ठसा रसायनशास्त्राच्या कोष्टकातही उमटून राहिला आहे.

मराठी मुलुखाच्या दक्षिण टोकालाही या शोधाचा एक अध्याय घडला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी हिंदुस्थानावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. ते पाहण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ दिला होता, तर फ्रान्सचे जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे होते. ढगांचा अडथळा असूनही जमखंडीस सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात ठळक रंगीत रेघा दिसल्या. त्यांतली पिवळसर रेघ मिठातील सोडियमची असावी असा प्रथम समज झाला. पुढे तिची जागा किंचित निराळी असल्याचे इंग्लंडचे लॉकियर यांनी ओळखले, आणि ती हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ साली. दिसायला सारख्या असलेल्या दोन पिवळ्या रंगांतील अंतर किती मोलाचे असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस माहीत नाही.

जरीची साक्ष

आता ही विद्या जरीला लावून पाहू. काठाच्या सुट्या दशीतून एक धागा काढावा. तो बोटांनी चोळू नये, चिमट्याने धरावा, कारण हाताच्या घामातील मीठ ज्योत पिवळी करून टाकते आणि त्या पिवळेपणात दुसरे रंग झाकले जातात. धागा निळ्या ज्योतीच्या कडेला नेला की पहिली साक्ष वासाची मिळते. आतला धागा रेशमाचा असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि चुरडणारी काळी राख उरते. पॉलिएस्टर असेल तर ते वितळून त्याची कडक गोळी होते. ज्या जरीत धातूची तार नाही, तिचा निकाल येथेच लागतो.

दुसरी साक्ष रंगाची. तार तांब्याची असेल तर ज्योतीच्या कडेला हिरवी झाक येते. प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब देऊन पाहिले तर ती ठळक होते. आम्ल घरात हाताळू नये. त्याची वाफ डोळ्यांना व छातीला अपायकारक आहे. आणि धाग्याची परीक्षा धाग्यावरच करावी, साडी ज्योतीजवळ नेऊ नये, हे सांगावयास नकोच.

परंतु तार चांदीची असेल तर कोणता रंग येतो? कोणताच नाही. सोन्याचेही तसेच. या दोन्ही धातूंची सहजासहजी वाफ होत नाही, आणि त्यांच्या मुख्य रेघा जांभळ्याच्या पलीकडे, मानवी डोळ्याला न दिसणाऱ्या भागात पडतात. तेव्हा ज्या धातूसाठी गिऱ्हाईक दाम मोजते, त्याविषयी ज्योत मौन पाळते. ज्याची शंका असते, त्या तांब्याविषयी मात्र ती बोलते. हिरवा रंग दिसला नाही म्हणून चांदी सिद्ध होत नाही. तांब्याचा ठळक पुरावा मिळाला नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते.

हिरवा रंग दिसला तरी लगेच निर्णय देऊ नये, यालाही दोन कारणे आहेत. पहिले असे की हिरवा रंग तांब्याची मिरास नव्हे. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर, बेरियमचे क्षार आणि थॅलियम हे सारे आपापल्या परीने हिरवी ज्योत देतात. त्यांतील भेद लोलकच सांगतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. चांदी नुसती असली तर मऊ पडते, म्हणून ती टणक करण्यासाठी तिच्यात थोडे तांबे घालण्याची रीत जुनी आहे. अशा चांदीतील तांबेही ज्योतीला हिरवी झाक देऊ शकते. शंभर भागांत तांबे पाच की नव्वद, हे ज्योतीच्या रंगावरून उघड्या डोळ्याला कळत नाही. वस्तू आहे की नाही, हे ज्योत सांगते. किती आहे, हे ती सांगत नाही. आणि व्यापाराचा सारा व्यवहार तर किती या शब्दावर चालतो.

किती, हा जुना प्रश्न

सुरतेच्या सराफांना हा प्रश्न फार पूर्वीपासून ठाऊक होता. सतराव्या शतकात अमेरिकेच्या खाणींतील चांदी स्पॅनिश रियालांच्या रूपाने युरोपातून व तांबड्या समुद्राच्या बंदरांतून सुरतेस उतरत असे. परकी नाणी मोगल मुलखात चलन म्हणून चालत नसत. ती टांकसाळीत जाऊन त्यांचे रुपये पडत. वीरजी व्होरांसारख्या जैन सावकारांच्या उलाढाली ज्या शहरात चालत, तेथे नाण्याचा कस जोखणारा सराफ नसता तर एक दिवसही व्यवहार झाला नसता. तो कसोटीच्या दगडावर धातूची रेघ ओढी आणि माहितीतल्या कसाच्या रेघेशी ती ताडून पाही. 'कसाला उतरणे' हा आपल्या भाषेतील प्रयोग त्याच दगडाची देणगी आहे.

त्याच्याही पूर्वी दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत ठक्कुर फेरू नावाचे श्रीमाळ जैन अधिकारी होते. त्यांनी १३१५ साली 'रत्नपरीक्षा' आणि १३१८ साली 'द्रव्यपरीक्षा' हे ग्रंथ लिहिले. 'द्रव्यपरीक्षे'त धातू शुद्ध करण्याच्या रीती सांगून देशोदेशींच्या नाण्यांत सोने, चांदी आणि तांबे किती, याचा हिशेब दिलेला आहे. आपल्या अधिकाराच्या आसनावर बसून जे ज्ञान मिळाले, ते गुप्त न ठेवता त्यांनी लिहून ठेवले. बाजारात कोणते नाणे किती खरे, हे सर्वांना कळावे, यातच व्यापाराचे हित आहे हे त्यांनी जाणले असले पाहिजे.

ज्योतीलाही 'किती' हे बोलावयास लावणारी युक्ती विसाव्या शतकात निघाली. ऑस्ट्रेलियाचे ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली एक साधा परंतु खोल विचार मांडला. ज्योतीतील अणू किती प्रकाश देतात, हे पाहण्याऐवजी ते किती प्रकाश गिळतात हे मोजावे. चांदीचा प्रकाश देणारा दिवा एका बाजूस ठेवावयाचा, मध्ये ज्योत, पलीकडे मोजणारे यंत्र. ज्योतीत चांदीचे अणू जितके अधिक, तितका पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी. उजेडात मुकी असलेली चांदी अशा रीतीने आपल्या सावलीतून बोलती झाली. जरीचा धागा आम्लात विरघळवून तो द्रव या ज्योतीत फवारला की त्यात चांदी किती आणि तांबे किती, हे आकड्यांत कळते. हळदीच्या व्यापाऱ्यांनाही ही पद्धत परकी नाही. हळदीत शिशाची भेसळ आहे काय, हे तपासण्यासाठीही प्रयोगशाळा हिचा आधार घेतात. रक्तातील सोडियम आणि पोटॅशियम मोजण्यासाठी वैद्यकीय प्रयोगशाळांतून कित्येक वर्षे ज्योतीचेच यंत्र चालत असे. आता तेथे बहुतेक ठिकाणी विद्युत्-अग्रांनी काम होते.

धागा न जाळता तपासणी करणारी क्ष-किरणांची यंत्रेही आता सराफ बाजारात आली आहेत. ती सोयीची आहेत, परंतु वस्तूच्या वरच्या थरांतील धातू वाचतात. मुलाम्याच्या वस्तूवर त्यांचा आकडा जपून घ्यावा लागतो, आणि जर ही तर मुलाम्याचीच वस्तू आहे. सोन्याच्या हॉलमार्कसाठी आजही अखेरचा कौल मुशीतील अग्निपरीक्षेचाच मानतात, यावरून नव्या यंत्रांच्या गर्दीतही जुन्या अग्नीचा मान किती टिकून आहे ते दिसते.

पावतीवरील शब्द

एवढे सारे वाचून सभासद विचारतील की मग प्रत्येक दुकानात ज्योत, लोलक आणि रसायनशाळा ठेवावयाची काय? आमच्या मते त्याची गरज नाही. गरज आहे ती पावतीवरील एका शब्दाची.

बाजारात 'टेस्टेड' या नावाने एक जर विकली जाते. हा शब्द ऐकून गिऱ्हाइकाला वाटते की ही तपासून खरी ठरलेली जर असावी. वस्तुतः ती बहुधा तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली असते. ज्याने शब्द उच्चारला त्याने खोटे सांगितले असे म्हणता येत नाही, आणि ज्याने ऐकला तो मात्र फसलेला असतो. अशा शब्दांच्या आडोशाने होणारी विक्री ही कायद्याच्या कचाट्यातून सुटेल. परंतु जैन आचारशास्त्राने तिला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांच्या शेजारीच 'प्रतिरूपकव्यवहार', म्हणजे खऱ्याच्या जागी तद्रूप हलकी वस्तू देणे, याची गणना केलेली आहे. व्रत घेणारा गृहस्थ बहुधा व्यापारी असणार आणि त्याची घसरण बहुधा येथेच होणार, हे त्या जुन्या आचार्यांनी नेमके हेरले होते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. जरीचे कापड विकणाऱ्या प्रत्येक सभासदाने पावतीवर तीनपैकी एक नोंद करावी : जर चांदीची, तांब्याची की प्लॅस्टिकची. चांदीची म्हणून जी विकावयाची, तिच्यातील चांदीचे प्रमाण प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून लिहावे. सुरतेच्या जरीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. परंतु असे संरक्षण गावाच्या नावाचे असते, पेढीच्या शब्दाचे नसते. तो शब्द ज्याचा त्यानेच राखावा लागतो. घाऊक माल घेणाऱ्या विणकरालाही हीच नोंद मिळावी, कारण त्याच्या हातून साडी तयार झाल्यावर दोष कोणाचा, हे शोधणे कठीण होते. जो कारागीर सहा-सहा महिने एका पैठणीवर डोळे घालतो, त्याला आपण कोणत्या धातूवर कष्ट घालीत आहोत, हे ठाऊक असण्याचा हक्क आहे.

घरातील भगिनींसाठीही दोन शब्द. नव्या साडीची पावती साडीच्या घडीतच ठेवावी. जुनी जर मोडीत देण्यापूर्वी तिचा एक धागा चिमट्याने ज्योतीत धरून पाहावा. हिरवी झाक दिसली तर निराश होऊन ती मातीमोल देऊ नये, आणि दिसली नाही तर हुरळूनही जाऊ नये; दोन ठिकाणी कस करवून मगच भाव ठरवावा. मुलांना हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखत अवश्य दाखवावा. मिठाचा पिवळा आणि मोरचुदाचा हिरवा पाहिलेले मूल उद्या पेढीवर बसेल, तेव्हा चकाकणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढे क्षणभर थांबून ही कशाची आहे असे विचारील. त्या प्रश्नाचे खरे उत्तर पावतीवर लिहून देण्याची सवय त्याला आपल्याच पेढ्यांवर लागावी, एवढीच सभासदांपाशी आमची अपेक्षा आहे.